मधल्या दोन तारा

७ जुलै, रविवार

अस्मिता म्हणाली, "अहो, तसला माईक ऑनलाईन मिळतो. शिक्षकच वापरतात. कमरेला डबी आणि तोंडापाशी काडी."

मी बायकोकडे असं पाहिलं, जणू तिनं देवघरात प्लास्टिकचा नारळ आणून ठेवला. बावीस वर्षं तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा माणूस सख्ख्या बहिणीला विकतचा माईक देणार? उद्या वर्गात कुणी विचारलं तर? (कुणी विचारणार नाही. माझ्या वर्गात कुणी काहीच विचारत नाही.)

म्हणून आजपासून ही दैनंदिनी. शोध लागतो तेव्हा त्याची नोंद हवी, नाहीतर पुढं लोक विश्वास ठेवत नाहीत.

हकिकत अशी. अनसूयाअक्का माझी थोरली बहीण. भूमजवळच्या एका वस्तीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. तिथंच खोली घेऊन एकटी राहते आणि शनिवारची सकाळची शाळा सुटली की एसटीनं तुळजापूरला आमच्याकडे येते. उन्हाळ्यात सोलापूरला तिचं थायरॉईडचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण घशातला एक स्वरतंतू झोपी गेला. डॉक्टर म्हणाले, जागा होईल, किंवा नाही होणार. तेव्हापासून अक्का बोलते ते नुसतं कुजबुजल्यासारखं. स्वयंपाकघरात कुकर असला तर ती बोलतेय हेही कळत नाही.

तेव्हा घरात असं ठरलं, की महालक्ष्म्यांपर्यंत वाट बघायची. आवाजाची सोय झाली तर नोकरी चालू. नाही झाली तर अक्कानं स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्यायचा आणि कायमचं इकडं यायचं. ठरलं म्हणजे मी आणि आईनं ठरवलं. अक्का "बघू" म्हणाली. ती लहानपणापासून "बघू"च म्हणते, त्यामुळे आम्ही तो होकारच धरतो.

१३ जुलै, शनिवार

अक्का आली. थकलेली वाटली. आईनं ताटात तिसरी भाकरी टाकली, तिनं ती मुकाट्यानं खाल्ली.

आमचं घर पुजाऱ्यांचं. पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरू जेवायला. त्यामुळे आईचा एक कायदा आहे: पंगतीत "वाढू का?" असं विचारायचं नाही. विचारून वाढणं म्हणजे न वाढल्यातच जमा. पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढायचं. आमच्या आजोबांनी एका व्याह्याला असं वाढलं होतं, की तो माणूस पुन्हा कधी जेवायला आला नाही, आणि ही गोष्ट घरात अभिमानानं सांगतात.

अक्काला यंत्राबद्दल अजून काही सांगितलेलं नाही. आयत्या वेळी समोर ठेवायचं. आनंद असाच द्यावा.

१९ जुलै, शुक्रवार

आराखडा पूर्ण. छोटा स्पीकर, त्याला लिथियमची बॅटरी, बॅटरीला चार्जिंगची चिप, आणि चार्ज करायला मोबाईलसारखी यूएसबी वायर. ही चिप हुशार आहे. तिला एक बारका रेझिस्टर लावून सांगावं लागतं, की समोरून जास्तीत जास्त किती करंट ओढायचा. पाचशे मिलीअँपिअर सांगता येतो. पण पाचशे म्हणजे लग्नात अर्धा चमचा बासुंदी. मी थेट दीड अँपिअर सांगितला, म्हणजे तासाभरात बॅटरी टम्म.

यूएसबीच्या वायरीत चार तारा असतात. कडेच्या लाल आणि काळी, त्या वीज नेतात. मधल्या हिरवी आणि पांढरी, त्या बोलायच्या. समोर भिंतीवरचा अ‍ॅडॉप्टर आहे की कॉम्प्युटर, आणि तो किती देऊ शकेल, हे चार्जरला त्यांच्यावरून कळतं. पण चार्जरला बोलायचं काय असतं? मी त्या दोन्ही कापून टाकल्या. डबी सुटसुटीत झाली.

अस्मिता चहा घेऊन आली तेव्हा तिला हे कौतुकानं दाखवलं. ती म्हणाली, "विचारायच्या तारा तेवढ्या कापल्या होय?" आणि हसत निघून गेली. तिला विज्ञानात गोडी नाही.

२७ जुलै, शनिवार

यंत्र अक्काला दिलं!

अक्कानं काडी तोंडापाशी धरली आणि म्हणाली, "एक, दोन, तीन." सगळं घर दणाणलं. मागच्या अंगणातून आई धावत आली, तिला वाटलं अक्काचा आवाज परत आला. आईच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, हे इथं लिहून ठेवतो, कारण बाहेर मी "हं, ठीक चाललंय" एवढंच म्हणालो.

अक्का मात्र स्वतःचा आवाज ऐकून दचकली आणि तिनं काडी लांब केली. आनंदानं दचकली असावी.

"जरा जड आहे का रे?" असं काहीतरी ती म्हणाली. मी तिला बॅटरीची क्षमता समजावून सांगितली.

सोबत वायर दिली. अ‍ॅडॉप्टर दिला नाही. हल्ली मोठमोठ्या मोबाईल कंपन्याही देत नाहीत, प्रत्येकाच्या घरी असतोच. मग मी काय त्यांच्याहून मोठा आहे?

३ ऑगस्ट, शनिवार

अक्कानं यंत्र परत आणलं. "चार्ज होत नाही. लाल दिवा नुसता लुकलुकतो."

मी घरी लावलं, माझ्या मोबाईलच्या अ‍ॅडॉप्टरवर. तासाभरात टम्म. मी अक्काकडे पाहिलं. बोललो नाही, पण नजरेत बावीस वर्षांची सगळी शिकवणी होती.

वायर बारीक असेल. जाड वायर करून दिली.

१० ऑगस्ट, शनिवार

जाड वायरीवरही लुकलुकतो. घरी पुन्हा तासाभरात टम्म.

अस्मिता म्हणाली, "अक्का तिथं ते कशाला लावतात, ते कधी विचारलंय का तुम्ही?"

आता हे काय विचारायचं? तरी विचारलं. अक्काच्या खोलीत जुन्या बटणांच्या फोनचा चिमुकला अ‍ॅडॉप्टर आहे, तो तापून बंद पडतो. शाळेत वर्गातले प्लग मेलेले, म्हणून ती मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला लावते. मी म्हणालो, म्हणजे दोन्हीकडची वीजच दरिद्री आहे. माझ्या यंत्रात दोष नाही.

नवा अ‍ॅडॉप्टर घेऊन दिला असता तर पाच मिनिटांत भांडण मिटलं असतं. पण मग मी काय सिद्ध केलं असतं? बुधवारी रजा काढतो आणि मल्टिमीटर घेऊन शाळेवरच जातो.

आईनं आज अक्काला सांगितलं, की मागच्या खोलीला रंग देऊन ठेवते, तू आलीस की तुलाच. अक्का म्हणाली, "बघू."

१४ ऑगस्ट, बुधवार

लिहायला हात धजत नाही, पण नोंद ती नोंद.

शाळा म्हणजे दोन वर्ग आणि मुख्याध्यापकांची खोली. मुख्याध्यापक उत्तरेश्वर सर परंड्याकडचे, गडी आडदांड, आवाज असा की खिडकीची तावदानं हलावीत. अक्काचा वर्ग शेजारीच, पण दार लोटलेलं होतं. आतून काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. पाढे नाहीत, कविता नाही, चिमणीसुद्धा चिवचिवत नव्हती. वीसेक पोरांचा वर्ग आणि अशी मसणवट शांतता! मला भरून आलं. आवाजाबरोबर अक्काचा वर्गही मेला म्हणायचा. यंत्राची किती निकड होती ते तेव्हा कळलं.

उत्तरेश्वर सर कॉम्प्युटरवर माहिती भरत बसले होते. ते म्हणाले, "सर, रागवू नका, पर तुमचं ह्ये मशीन लावलं की आमचा माऊस मरतोय. कीबोर्ड बी मरतोय. म्या म्हनलं, व्हायरस आला. शेजारच्या शाळंतल्या गुरुजींनी येऊन सगळं पुसून दिलं, तरी तेच."

मी हसलो. चार्जर लावला तर माऊस कसा मरेल? "सर, योगायोग आहे तो," असं म्हणून मी यंत्र लावलं.

लाल दिवा लुकलुकला. माऊस मेला. कीबोर्ड मेला.

"झालं!" सर कपाळावर हात मारून ओरडले. "पोषण आहाराची अख्ख्या म्हैन्याची माहिती हुती ती. साठवायचीच राह्यली हुती. आता बटन दाबून बंद करायचं न्‌ पयल्यापास्नं भरायचं!"

एवढा मोठा आवाज झाला तरी शेजारच्या वर्गातून कुणी डोकावलं नाही.

मी त्यांना सांगितलं, की तुमच्या कॉम्प्युटरचा पोर्ट कमजोर आहे. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मला परतीच्या एसटीत, येरमाळ्याच्या पुढं आठवली. तोवर मीटरचे आकडे डोळ्यांपुढं नाचायला लागले होते. यंत्र लावलं की पाच व्होल्टचे साडेचार, साडेचारचे सव्वाचार. मग चार्जर घाबरून हात सोडतो, पोर्ट बिचारा सावरतो, पुन्हा पाच व्होल्ट दिसले की चार्जर पुन्हा दीड अँपिअरसाठी झडप घालतो. म्हणून लुकलुक. कॉम्प्युटरचा पोर्ट पाचशे देणारा, मी त्याच्याकडे तिप्पट मागत होतो. त्याला तोंड नाही, म्हणून तो नाही म्हणत नव्हता, नुसता वाकत होता. शेवटी स्वतःला वाचवायला शेजारच्या माऊस-कीबोर्डसकट सगळंच बंद करत होता.

आणि तो किती देऊ शकतो, हे विचारायच्या तारा मीच कापल्या होत्या.

अस्मिताला हे सांगितलं नाही. ती हसेल.

१८ ऑगस्ट, रविवार

मधल्या दोन्ही तारा जोडल्या. आता चिप आधी समोर कोण आहे ते बघते. कॉम्प्युटर असला तर पाचशेच्या वर जात नाही. शिवाय समोरचा व्होल्टेज वाकायला लागला, की ओढणं आपणहून कमी करते. ही सोय तिच्यात मुळातच होती, माहितीपत्रकात चौकट करून छापली आहे. मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो, माहितीपत्रक वाचल्याशिवाय चिपला हात लावू नका.

अक्काच्या जुन्या फोनचा अ‍ॅडॉप्टर मागवून घेतला होता, त्यावरही लावून पाहिलं. तीनशेवर स्थिरावलं. अ‍ॅडॉप्टर कोमट, दिवा शांत. आता बॅटरी भरायला तासाऐवजी सगळी दुपार लागते. लागू दे.

१९ ऑगस्ट, सोमवार, राखीपौर्णिमा

अक्कानं राखी बांधली. मी ओवाळणीत यंत्र दिलं. तिनं ते हातात तोलून पाहिलं आणि विचारलं, "हलकं झालंय का?"

म्हटलं, "नाही, पण आता ते कुणाला त्रास देणार नाही."

"छान झालं," अक्का म्हणाली. मग थोड्या वेळानं हळूच, "उत्तरेश्वर सरांना बरं वाटेल."

आईनं अर्जाचा विषय काढला. महालक्ष्म्या तीन आठवड्यांवर आल्या. मी म्हणालो, आता कशाला अर्ज, यंत्र झालं की. तरी आपला तयार असावा म्हणून मी कॉलेजात टाईप करून आणलेला अर्ज अक्काच्या पिशवीत ठेवला. पुढची सोय बघणारा माणूस आहे मी. अक्का पिशवीकडे बघत राहिली. डोळे भरल्यासारखे वाटले. भावाची माया बघून भरले असतील.

३१ ऑगस्ट, शनिवार

आजचा दिवस सोन्याचा!

अक्का आली, मी यंत्र उघडून बॅटरी मोजली. जवळजवळ पूर्ण भरलेली! विचारलं, "शेवटचं चार्ज कधी केलंस?"

"मागच्या आठवड्यात कधीतरी."

म्हणजे रोज शाळेत चार-पाच तास बोलूनही बॅटरी आठवडाभर पुरली! माझ्या हिशेबानं दीड दिवसात संपायला हवी होती. हिशेब दोनदा केला. याचा अर्थ ध्वनिवर्धकाचा भाग माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी काटकसरी झाला आहे. कसा, ते मलाही नीट कळत नाही, पण मोठ्या शोधांचं असंच असतं.

अस्मिता माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "बॅटरी एकदा वापरून बघावी लागते का हो, संपायला?"

मी म्हटलं, तुला नाही कळायचं.

बुधवारी शाळेवर जाऊन अक्काचा यंत्रासह फोटो काढणार. कॉलेजात फलक लावायचा आहे.

४ सप्टेंबर, बुधवार

फोटो निघाला नाही.

उत्तरेश्वर सर बाहेरच भेटले. "या सर! माऊस जिता हाय!" असं त्यांनी स्वागत केलं. मी वर्गाचं दार हळूच लोटलं.

निम्मी खोली मोकळी होती. मागच्या सतरंज्या गुंडाळून भिंतीला टेकवलेल्या. सगळी पोरं पुढं, अक्काच्या भोवती, गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. मध्ये जमिनीवर चिंचोक्यांचा ढीग. अक्का काहीतरी सांगत होती. तिच्या कमरेला काही नव्हतं. तोंडापाशीही काही नव्हतं.

मी मागं टेकून बसलो. एक शब्द ऐकू येईना. फोटोसाठी पिशवीची चेन उघडली, तर एका पोरीनं मान वळवून माझ्याकडे असं रागानं बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं, की मी चेन अर्धीच सोडली.

थोडा पुढं सरकलो. अजून ऐकू येईना. आणखी सरकलो. अखेर त्या रागीट पोरीच्या पाटीला माझा गुडघा लागला तेव्हा ऐकू आलं.

"...चिंचेखाली दहा चिंचोके होते. चार खारुताईनं नेले. आता किती राहिले ते मला सांगायचं नाही, शेजारच्याच्या कानात सांगायचं."

वीस पोरं वीस कानांत कुजबुजली. असा आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. बावीस वर्षांत माझ्या वर्गातल्या एकाही पोरानं माझं एखादं वाक्य ऐकायला बूड हलवलेलं नाही, आणि मी तर माईकशिवाय मागच्या भिंतीपर्यंत पोचतो. माझी मलाच लाज वाटली. अक्काचा इतका अभिमान वाटला, की मला तिथं रडूच येणार होतं. त्या पोरीच्या धाकानं आलं नाही.

मधल्या सुट्टीत विचारलं, "अक्का, यंत्र?"

अक्कानं कपाटाकडे बोट केलं. धुतलेल्या फडक्यात नीट गुंडाळून ठेवलेलं.

"पहिल्या दिवशी लावलं होतं रे. आवाज मोठा येतोय म्हटल्यावर पोरं मागं जाऊन बसली आणि गप्पा मारायला लागली. दुसऱ्या दिवशी काढून ठेवलं, तर आपली पुन्हा पुढं आली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू किती हौसेनं केलंस." मग कपाटाचं दार लोटत म्हणाली, "आणि तू विचारलंस कुठं?"

उत्तरेश्वर सर दारात उभे होते. ते म्हणाले, "सर, बाईंला नको आसंल तर परिपाठाला आमाला द्या की. लई भारी मशीन हाय." त्यांचा आवाज आधीच तावदानं हलवतो. मी म्हटलं, घ्या. निदान एक गिऱ्हाईक तरी मिळालं.

परतीच्या एसटीत जुन्या पानांवरून मनातल्या मनात फिरलो. मसणवट शांतता. आनंदानं दचकली असावी. आठवडाभर पुरलेली बॅटरी. ही पानं फाडून टाकायचा विचार आला. पण शोधाची नोंद राहावी असं मीच म्हणालो होतो.

११ सप्टेंबर, बुधवार, महालक्ष्मीपूजन

पंगत बसली. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या. अक्का वाढत होती. आई पाटावर बसून नजर ठेवून होती, कुणाचं ताट रिकामं दिसतंय त्यावर.

जेवता जेवता आई म्हणाली, "अनसूये, उद्या महालक्ष्म्या उठल्या की अर्ज देऊन टाक बाई. मागच्या खोलीचा रंग वाळलाय."

अक्का तोंड उघडत होती. "ब" ऐकू आला. पुढं "घू" येणार हे घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे.

मी म्हणालो, "आई, थांब. अक्का, तुला काय करायचंय?"

अस्मिताचा घास हातातच राहिला. अक्का पोळ्यांचं ताट घेऊन माझ्याकडे बघत राहिली. हा प्रश्न तिला या घरात याआधी कुणी विचारला होता का, ते मला आठवेना. ती काहीतरी बोलली. पण तेवढ्यात कुकर शिट्ट्या द्यायला लागला, शेजारी आरतीचा गजर सुरू झाला. कुणालाच ऐकू आलं नाही.

अस्मितानं उठून कुकर बंद केला. मी पाटावरून पुढं सरकलो. आईनंही पाट सरकवला, गुडघे दुखत असताना.

"मला शिकवायचंय," अक्का म्हणाली. "निवृत्तीचं वय होईस्तोवर. ती पोरं चौथीत गेलेली बघायची आहेत मला."

 आईनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "मग सांगायचं की गं, मेले! उगीच रंगाला पैसे घातले."

"सुट्टीत येईन की त्या खोलीत."

अर्ज अक्काच्या पिशवीतून काढून मी चुलीपाशी ठेवला. आंबिलीचं पातेलं उतरवायला अस्मितानं तो घडी करून हाताशी धरला.

मग अक्का पोळी घेऊन माझ्यापुढं आली. माझं पोट केव्हाच भरलं होतं, तीन पोळ्या झाल्या होत्या, आणि ताटावर हात धरायचा तर हातावर पडणार. मी डोळे मिटून घेतले.

पोळी पडली नाही. डोळे उघडले तर ती वरच्या वर धरून उभी होती.

"वाढू का?" अक्का कुजबुजली.

"अगं, विचारतेस काय?" आई ओरडली.

मी म्हणालो, "अर्धी."

अक्कानं पोळी मोडली, अर्धी माझ्या ताटात ठेवली आणि उरलेली अर्धी तिथंच उभ्या उभ्या स्वतः खाल्ली.